यादीतली मानाची जागा

"ग्रुप कॉल ना? मग त्यात काय एवढं!"

हे वाक्य मी बोललो तेव्हा अंगणातल्या बाकांवर एकोणीस माणसं बसलेली होती. आमच्या तिन्ही इमारतींत राहणारे जवळजवळ सगळे आंधळे, मला धरून. इथे कुणाचा डोळा चुकवायचा प्रश्नच नाही, पण कान चुकवणं ब्रह्मदेवालाही जमायचं नाही. संध्याकाळपर्यंत आमच्या अंधांच्या संस्थेच्या सेहेचाळीसच्या सेहेचाळीस सभासदांना कळलं, की मसाजवाला तोक्तोसुन सभा भरवणार आहे. मसाजवाला! पस्तीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात आहे, बिश्केकमधल्या निम्म्या कमरा मला नावानिशी ओळखतात, पण अंगणात मी मसाजवालाच. जाऊ दे.

भानगड होती आमच्या खोलीची. दुसऱ्या इमारतीच्या तळमजल्यावर संस्थेची एक मोठी खोली आहे. तिथे ठिपक्यांच्या लिपीतली चार हजार जाडजूड पुस्तकं आहेत, एक पियानो आहे, आणि दर गुरुवारी तिथे आमचं गायनमंडळ गळे साफ करतं. नोव्हेंबरात मालमत्ता कचेरीची माणसं आली आणि नळ दुरुस्तीसाठी म्हणून खोलीला सील ठोकून गेली. नळ दोन दिवसांत दुरुस्त झाला. सील जानेवारीतही तसंच. मग पत्र आलं, की खोली गेले दोन महिने वापरात नसल्याचं आढळून आलं आहे, सबब ती एका ब्युटी पार्लरला द्यायचं घाटत आहे.

हे पत्र आम्हाला वाचून दाखवलं नेल्ली पाकने. तिसऱ्या मजल्यावरची ही कोरियन बाई बाजारात गाजराचं तिखट सॅलड विकते, आणि तिचे दोन्ही डोळे शाबूत आहेत. आमच्या अंगणात एवढ्या भांडवलावर माणूस पुढारी होऊ शकतो.

"पुढे ऐका," नेल्ली म्हणाली. "खोली ठेवायची असेल तर सर्वसाधारण सभा घ्या. सेहेचाळीसपैकी निदान एकतीस हजर पाहिजेत. आणि सभा इंटरनेटवरच घ्यायची, पारदर्शकतेसाठी. प्रत्येकाचा चेहरा दिसला पाहिजे, मत देताना हात वर केलेला दिसला पाहिजे. शुक्रवारी संध्याकाळी पाच ते सहा. कचेरीच्या दिलारा इसायेव्ना जातीने हजर राहून फोटो घेतील."

"म्हणजे आम्ही एकाच अंगणात राहतो," माझी बायको बुरुल म्हणाली, "एकमेकांच्या घोरण्यावरून झोपा मोजतो, आणि भेटायचं फोनवर? का तर म्हणे आंधळे एकमेकांना नीट दिसावेत!"

सगळे हसले. मला वाटलं, हीच वेळ आहे काहीतरी वजनदार बोलायची. म्हणून मी ते वाक्य बोललो. त्याचं प्रायश्चित्त पुढे सांगतो.

आमचा फोन स्क्रीन रीडरवर चालतो हे वेगळं सांगायला नको. बोट फिरवाल तिथे जे असेल ते एक बाई वाचून दाखवते. दोनदा टकटक केली की ते बटण दाबलं जातं. बाई मोठी सोशिक. तुम्ही तेच बटण चाळीसदा फिरून आलात तरी तिचा आवाज चढत नाही. हा गुण मी घरात फारसा पाहिलेला नाही.

पहिली तालीम मंगळवारी. मी सगळ्यांना दुवा पाठवला आणि माणसं येऊ लागली. माणूस आला की बाई सांगते, अमुक सभेत आले. ठीक. पण ती फक्त मलाच सांगत नाही, प्रत्येकाची बाई प्रत्येकाला सांगते. आणि आमच्या लोकांनी कानात हेडफोन घातलेले नव्हते. का? तर "कान मोकळे पाहिजेत, दारात कोण आलं कळायला नको?" झालं! तेहेतीस फोनांमधून एकच बाई तेहेतीस वेगवेगळ्या वेळी तेच नाव पुकारू लागली, आणि तिचं पुकारणं इतरांच्या फोनातून परत येऊ लागलं. त्यात भिंती पातळ. शेजारच्या अबिलचं खोकणं मला आधी भिंतीतून ऐकू येई आणि मग फोनमधून, जणू त्याला दोन छात्या आहेत.

मी "सर्वांचा आवाज बंद" हे बटण शोधून काढलं आणि दाबलं. अशी शांतता मी या अंगणात तीस वर्षांत ऐकली नव्हती. मनात म्हटलं, हे बटण घराच्या भिंतीवर बसवून मिळालं तर काय बहार येईल! एवढ्यात भिंतीपलीकडून, जिन्यातून, अंगणातून आरडाओरडा सुरू झाला: "तोक्तोसुन बाइके! आमची वाचा गेली!" आमच्यात वडीलधाऱ्या पुरुषाला बाइके म्हणतात. मानाचा शब्द आहे, पण त्या दिवशी शिवीसारखा लागत होता.

ते निस्तरलं. हेडफोन घाला, बोलायचं नसेल तर आवाज बंद ठेवा, हे मी घरोघरी जाऊन शिकवलं. गुडघाभर बर्फातून, तीन इमारती, पाच पाच मजले, लिफ्ट नाही. बुधवारच्या तालमीला सेहेचाळीसही जण आले आणि आवाज अगदी चोख होता. मी खूश होऊन विचारलं, "काही अडचण?"

"आहे," सूयुनबाय अक्सकाल म्हणाले.

अक्सकाल म्हणजे पांढऱ्या दाढीचा वडीलधारा; सूयुनबाय अक्सकाल चौऱ्याऐंशी वर्षांचे, ब्रशच्या कारखान्याचे जुने मुकादम, आमच्यात सर्वांत ज्येष्ठ. त्यांची मुलं, सुना, पुतणे मिळून बारा मतं त्यांच्या एका खाकरण्यावर फिरतात.

"मी आत्ता यादी वाचून घेतली," ते सावकाश म्हणाले. "माझी बाई मला एकेचाळिसावा बसवते आहे. दाराशी. दुसरा कोण, तर अबिल. अडतीस वर्षांचं पोर! आणि सगळ्यांच्या डोक्यावर, तोरमध्ये कोण बसलंय? मसाजवाला."

तोर म्हणजे दारापासून सर्वांत लांबची, मानाची जागा. आमच्याकडे लग्न असो, बारसं असो, दहावा असो, आधी ज्येष्ठ माणूस तोरमध्ये बसतो, मग उतरत्या वयाने बाकीचे, आणि सर्वांत लहान दाराशी बसून चहा ओततो. डोळस लोकांना फोनवर म्हणे सगळे चौकोनात दिसतात, त्यात वर-खाली काही नसतं. पण आम्हाला बाई यादी वाचून दाखवते, एकामागून एक. आणि जे एकामागून एक येतं त्याला डोकं असतं आणि शेपूट असतं. अक्सकाल शेपटाशी होते.

मी समजावलं, "अक्सकाल, जो सभा भरवतो त्याचं नाव यंत्र आपोआप पहिलं घेतं. बाकीची वर्णमालेने."

"यंत्राला आईबाप नसतील," ते म्हणाले. "तुला होते. मी तुझ्या बापाला ओळखत होतो."



तेवढ्यात लिदिया फ्योदोरोव्नांनी आपला आवाज उघडला. त्या आमच्या ग्रंथपाल, एक्क्याऐंशी वर्षांच्या. चार हजार पुस्तकं वर्णमालेने लावण्यात त्यांचं आयुष्य गेलं. "वर्णमाला ही वर्णमाला आहे," त्या कडाडल्या. "आज वयाने लावाल, उद्या वजनाने लावाल. मी एकविसावी आहे आणि मी एकविसावीच राहणार!"

गुरुवारी सकाळपर्यंत लोकांनी उद्योग करून ठेवला. नावापुढे काय लिहायचं ते ज्याच्या त्याच्या हातात असतं, हे कुणीतरी शोधून काढलं. अक्सकालांच्या मोठ्या सुनेने त्यांच्या नावाआधी '१' लावला. दुसऱ्या जिन्यातल्या एका म्हाताऱ्याने '०' लावला. त्यावर सुनेने '००' लावला. दुपारी मी यादी ऐकली तर बाई बिचारी एका दमात "शून्य शून्य शून्य शून्य सूयुनबाय" म्हणत होती. उलट अबिल लाजून लाजून आपल्या नावाआधी वर्णमालेतलं शेवटचं अक्षर लावून दाराशी जाऊन बसला होता, आणि तिथे आधीच बसलेली एक तरुण सून त्याच्यावर चिडली होती, की चहा ओतायचा मान तिचा आहे. कुठला चहा? फोनवर कुठला चहा?

शेवटी मी सर्वांचे जन्मदाखले विचारून घेतले आणि वयाप्रमाणे आकडे वाटले. लिदिया फ्योदोरोव्नांना वयाने तिसरा नंबर आला, तो त्यांनी "निषेध नोंदवून" घेतला. पण आकडे लावून काय उपयोग? सभा भरवणारा म्हणून मी सगळ्यांच्या वरच!

"मी येत नाही," अक्सकालांनी निरोप धाडला. "तोरमध्ये तोक्तोसुनला बसू दे. ब्युटी पार्लर आलं की तिथे मसाजही करेल."

बारा मतं गेली म्हणजे खोली गेली. मला गुरुवारची गाणी आठवली. मी तिथे खालच्या पट्टीत गातो. मला आयुष्यात दुसरीकडे कुणीच गायला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. मी अपमान गिळला, बर्फ तुडवत अक्सकालांकडे गेलो आणि म्हणालो, "सभा तुम्हीच भरवा. मालकी तुमच्या नावावर करून देतो. पहिलं नाव तुमचं, सगळी बटणंही तुमची."

"मला बटणांचा मोह नाही," ते म्हणाले आणि लगेच फोन पुढे केला. "दाखव."

मी दोन तास दाखवलं. कुणाला बोलू द्यायचं ते इथे. सगळं उरकलं की शेवटचं बटण, सर्वांसाठी सभा समाप्त. "ते अगदी शेवटी, अक्सकाल. मतदान झाल्यावर."

"मी मुकादम होतो," ते म्हणाले. "भोंगा कधी वाजवायचा ते मला कळतं."

घरी आल्यावर बुरुल म्हणाली, "दिलीस ना किल्ली? आता दार उघडतंय का बघ."

शुक्रवार. पाचला सगळे हजर. बाईने मला मोजून दाखवलं: एकतीस सभासद आणि एक पाहुण्या. बाकीचे पंधरा सर्दी, सासुरवाडी आणि जुनी भांडणं या कारणांनी गैरहजर. म्हणजे बरोब्बर एकतीस, एकही जास्त नाही! एका माणसाला शिंक येऊन तो उठला असता तरी सभा बुडाली असती.

"नमस्कार," दिलारा इसायेव्नांचा आवाज आला. आवाज फायलीसारखा, कोपरे सरळ असलेला. "कृपया सर्वांनी कॅमेरे चालू करावेत."

"चालू आहेत, बाई," मी म्हणालो.

"मला सगळे चौकोन काळे दिसतात."

"आम्हाला तर नेहमीच दिसतात," अबिल म्हणाला. तो शेपटाशी होता, त्यामुळे त्याला कुणी दटावलं नाही.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण फक्त डोक्यातच. जानेवारीचे संध्याकाळचे पाच. बाहेर अंधार. आणि आमच्यापैकी एकानेही दिवा लावलेला नव्हता! का लावू? मी आयुष्यात कुणासाठी दिवा लावलाय तो फक्त वीज-मीटर वाचणाऱ्यासाठी. आठवडाभर मी लोकांना सगळं शिकवलं, फोन चहाच्या बरणीला टेकवा, एक हात लांब बसा, नाक फोनच्या मधोमध. दिवा हा शब्द माझ्या तोंडून आला नाही, कारण तो माझ्या घरातच नसतो.

"दिवे लावा!" मी ओरडलो. त्यावर जी माहिती बाहेर आली ती ऐकून वीज मंडळाला गहिवर आला असता. नऊ घरांत बल्ब नव्हते. लिदिया फ्योदोरोव्नांचा शेवटचा बल्ब सोव्हिएत काळात गेला होता. सूयुनबाय अक्सकालांना बटण कुठल्या भिंतीवर आहे हेच आठवेना.

नेल्ली पाक धावली. कोपऱ्यावरच्या दुकानातून पिशवीभर बल्ब घेऊन ती बाई तिन्ही इमारतींचे जिने चढली-उतरली. भिंतीतून मला तिची धाप ऐकू येत होती आणि फोनमधून तिचं बोलणं: "अगं, हा कान दिसतोय नुसता! वळव! आणि बाइके, तुमचा चहाचा समोवार फार छान दिसतो, पण मत त्याला नाही!" लिदिया फ्योदोरोव्नांकडून तिचा आवाज आला, "आई गं, या भिंती हिरव्या आहेत!" त्यावर लिदिया फ्योदोरोव्ना थंडपणे म्हणाल्या, "मला पांढऱ्या सांगून दिल्या होत्या."

"पाच चाळीस झाले," दिलारा इसायेव्ना म्हणाल्या. "सहाला माझी वेळ संपते. आता चेहरे दिसताहेत. अध्यक्षांनी विषय मांडावा आणि मतदान घ्यावं."

अक्सकालांनी घसा साफ केला. आणि माझ्या बाईने मला यादी वाचून दाखवली: पहिले सूयुनबाय, सभेचे यजमान. मी सहावा. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. पण म्हातारा बोलायला लागला आणि मी ते विसरलो. ही खोली त्याने स्वतःच्या हातांनी कशी रंगवली, रंग कुठला ते कुणालाच माहीत नसताना. बायकोची नि त्याची पहिली भेट तिथल्याच पियानोशी कशी झाली, दोघांनी एकाच वेळी एकाच स्टुलावर बसायचा प्रयत्न केला तेव्हा. हे आम्ही शंभरदा ऐकलंय. तरी बुरुल नाक ओढायला लागली, आणि ती कांदा चिरतानाही रडत नाही.

"आज," अक्सकाल म्हणाले, "तुम्ही सगळ्यांनी मला मान दिलात. घरोघरी दिवे लावलेत. म्हाताऱ्याला आणखी काय पाहिजे?"

हा सूर मी ओळखतो. आमच्याकडे बैठकीच्या शेवटी ज्येष्ठ माणूस दुआ देतो, आणि ती अशाच सुरात सुरू होते. पण मतदान कुठे झालंय? अजून विषयसुद्धा मांडलेला नाही!

"अक्सकाल," मी म्हणालो, "आधी..." पण माझा आवाज बंद होता. बंद करणाऱ्या बटणाचे मालक तेच होते. आणि चालू असता तरी काय? दुआ मध्येच तोडणारा माणूस आमच्यात अजून जन्माला यायचाय.

"तुमची चूल पेटती राहो," अक्सकाल म्हणाले. "तुमचं दार उघडं राहो. ज्याने सील ठोकलं त्याच्याही घरी बाळं होवोत. ओमिन!"

माझेच हात तळवे वर करून केव्हा उचलले गेले ते मला कळलं नाही. साठ वर्षांची सवय. दुआ चालू असेपर्यंत तळवे समोर धरायचे, ओमिन म्हटलं की ते चेहऱ्यावरून फिरवायचे, आणि उठायचं. दुआ झाल्यावर दस्तरखानाशी, जेवणासाठी अंथरलेल्या कापडाशी, बसून राहणं म्हणजे निव्वळ हावरटपणा.

तर सगळे उठले. बाई माझ्या कानात सांगू लागली: अमुक सभेतून गेले, तमुक सभेतून गेले, गेले, गेले, गेले. तिला श्वास घ्यायलाही वेळ मिळेना. आणि शेवटी: यजमानांनी सर्वांसाठी सभा समाप्त केली.

पाच त्रेपन्न.

मी अंगणात धावलो. तिथे सगळे आधीच जमले होते, खुशीत. "वा तोक्तोसुन बाइके, काय सभा झाली!" "अक्सकाल काय बोलले!" "पोटात अगदी ऊब आली!" एकालाही मत दिल्याचं किंवा न दिल्याचं स्मरण नव्हतं. मतदान झालंच नाही, असं मी सांगितलं. मग अक्सकालांच्या काठीचा आवाज जवळ आला.

"म्हणजे भोंगा लवकर वाजला?" त्यांनी हळूच विचारलं.

मला आठ दिवसांचा सगळा राग बाहेर काढायचा होता. पण म्हाताऱ्याचा आवाज असा काही झाला होता, की मी नुसता "सात मिनिटं लवकर" एवढंच म्हणालो. ते काठी टेकत घरी गेले. त्याही गुरुवारी कुणी गायलं नाही. गाणार कुठे? माझ्याकडे येणाऱ्यांच्या कमरांनाही कळलं असावं, कारण दोघांनी हळू दाबा म्हणून तक्रार केली.

अकराव्या दिवशी पत्र आलं. नेल्लीने बाकावर बसून वाचलं, आणि मध्येच थांबून पुन्हा वाचलं.

"'सभेचा फोटो तपासण्यात आला,'" ती म्हणाली. "'खोली संस्थेकडे ठेवण्याच्या बाजूने वर केलेले हात: बासष्ट. विरोधात: शून्य.'"

"बासष्ट?"

"दुआच्या वेळी!" बुरुल ओरडली. "त्या बाईने तेव्हाच फोटो काढला! तिला वाटलं हेच मतदान!"

अंगणात जो गोंगाट झाला त्यात नेल्लीला पुढचं ओरडून वाचावं लागलं. "'तथापि सभासद सेहेचाळीस असून मतं बासष्ट पडली आहेत. सोळा मतं अतिरिक्त. या सोळा अतिरिक्त मतदारांची ओळख पटवून लेखी खुलासा सादर करावा. खुलाशाचा निकाल लागेपर्यंत खोली संस्थेच्या ताब्यात राहील व वापर चालू ठेवावा.'"

"खुलासा काय करायचा?" अबिल म्हणाला. "माणसाला दोन हात असतात, एवढं लिहिलं की झालं."

"म्हणजे लगेच निकाल, मतदान झालंच नाही हे उघड, आणि पुन्हा सभा? पुन्हा बल्ब?" मी म्हणालो. "वेडा आहेस का?"

तेव्हा लिदिया फ्योदोरोव्ना म्हणाल्या, "खुलासा मी लिहीन." आणि त्यांनी तो लिहिला. अकरा पानं, सविस्तर, वर्णमालेने लावलेल्या परिशिष्टांसह, आणि सगळा ठिपक्यांच्या लिपीत. नागरिकाला आपल्या लिपीत लिहिण्याचा हक्क आहे, हे कलमही त्यात नमूद होतं. कचेरीतून दोनदा फोन आला, की वाचणारा माणूस शोधतो आहोत. आम्ही कळवलं, सावकाश शोधा.

सील नेल्लीने आपल्या हाताने फाडलं. पहिल्या गुरुवारी आम्ही सगळे खोलीत शिरलो. दस्तरखान मांडलेलं होतं, बोरसोक, म्हणजे पिठाचे गोळे, तळल्याचा वास होता. मी अंग चोरून दाराशी बसायला वाकलो, तर तोरमधून काठी आपटल्याचा आवाज आला.

"तोक्तोसुन! इकडे ये," सूयुनबाय अक्सकाल म्हणाले. "सभा भरवणारा वर बसतो. यंत्र तरी असं म्हणतं." आणि त्यांनी शेजारची गादी हाताने थोपटली.

मी गेलो. बसलो. अक्सकालांनी माझा हात दाबला, खाकरले, आणि सावकाश म्हणाले, "आज तुम्ही सगळ्यांनी मला मान दिलात..."

चहाचा पहिला घोट अजून कुणी घेतलेला नव्हता, आणि ओमिन झालं की उठावं लागतं. मी चपळाईने त्यांच्या एका हातात गरम चहाची वाटी दिली आणि दुसऱ्या हातात दोन बोरसोक कोंबले.